दख्खनचा बेसाल्ट आणि सायप्रसचा बेसाल्ट: एकात तांबे, दुसऱ्यात का नाही?

बोटीवरचा (प्रश्न)

मी मूळचा वाईचा असून व्यापारी जहाजावर इंजिन विभागात काम करतो. गेल्या खेपेला आमचे जहाज दुरुस्तीसाठी सायप्रसच्या लिमासोल बंदरात आठवडाभर अडकले, तेव्हा एक दिवस भाड्याची मोटार घेऊन ट्रूडोस पर्वतात जाऊन आलो. उत्तरेकडच्या उतारावर रस्त्यालगतचा खडक पाहून मी गाडी थांबवली. उशा एकमेकींवर रचून ठेवाव्यात तसे काळपट-हिरवट गोळे होते, प्रत्येकाच्या कडेला बोटभर जाडीची काचेसारखी साल होती आणि खालच्या दोन उशांमधल्या खोबणीत वरच्या उशीचे पोट नेमके बसले होते. हा बेसाल्ट सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर बाहेर पडला, असे तेथील फलकावर लिहिले होते. पुढे स्कुरिओटिसा ही तांब्याची खाणही लांबून पाहिली. तिच्या भिंतींवर पिवळ्या, तांबड्या आणि गंजाच्या रंगाचे पट्टे होते.

आता प्रश्न असा की बेसाल्टच तांबे देत असेल, तर आपल्याकडे जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर बेसाल्ट पसरलेला असताना तांब्याची एकही खाण का नाही? समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांमुळे हे साठे तयार होतात असे वाचले होते. पण गरम झरे वज्रेश्वरीला आहेत, उन्हवरेला आहेत, राजापूरलाही आहेत. लहानपणी आमच्या विहिरीच्या खोदकामात निघालेल्या दगडांच्या पोकळ्यांना आतून हिरवा थर असे आणि वडील त्याला तांब्याचा गंज म्हणत. तो खरोखर तांब्याचा असेल, तर मग त्याचा साठा का झाला नाही?

खडकफोड्या

मी नागपूरला खनिज अन्वेषणात पस्तीस वर्षे काढली आहेत, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

तांबे आपल्या बेसाल्टमध्येही आहे. कोणत्याही साधारण बेसाल्टच्या एका टनात १०० ग्रॅमच्या आसपास तांबे विखुरलेले असते आणि दख्खनच्या काही थरांत ते त्याहून थोडे अधिकही भरते. सायप्रसच्या खाणींत मात्र टनामागे १० किलो आणि कधी त्याहून जास्त तांबे मिळाले आहे. फरक शंभर पटींचा आहे. म्हणून विचारायचे ते इतकेच की विखुरलेला हा माल गोळा कोणी केला. सायप्रसमध्ये हे काम तापलेल्या खाऱ्या पाण्याने केले, आणि ते काम चालू राहण्यासाठी उष्णता, भेगा, मीठ, गंधक आणि डोक्यावर पाण्याचा प्रचंड दाब हे सगळे एकाच जागी असावे लागले.

समुद्रतळाची जेथे खचदरी होते, म्हणजे कवचाचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर सरकतात, तेथे दोन-तीन किलोमीटर खोलीवर शिलारस साचलेला असतो आणि त्यावरचा खडक ताणामुळे सतत तडकत असतो. समुद्राचे थंड पाणी त्या तडांतून खाली झिरपते. वाटेत त्यातले मॅग्नेशियम खडकात अडकते, सल्फेटचा बराचसा भाग कॅल्शियमशी जुळून अॅनहायड्राइटच्या रूपाने मागे राहतो, आणि शिलारसाच्या जवळ पोहोचेपर्यंत ते पाणी मूळचे समुद्राचे पाणी उरलेलेच नसते. ३५० ते ४०० अंश सेल्सिअस तापलेले, आम्लधर्मी, ऑक्सिजन गमावलेले, हायड्रोजन सल्फाइडने भरलेले आणि मिठातल्या क्लोराइडमुळे धातू उचलण्यास सज्ज झालेले असे ते द्रावण असते. खडकातले तांबे, जस्त आणि लोह क्लोराइडला धरून त्यात उतरतात. हलके झालेले हे पाणी मग एखाद्या मोठ्या विभंगाची, म्हणजे खडक सरकून पडलेल्या भेगेची, वाट पकडून वेगाने वर येते.

हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. १९७७ मध्ये 'अॅल्विन' या पाणबुडीतून गालापागोस खचदरीवर सुमारे २,५०० मीटर खोलीवर कोमट झरे दिसले. दोन वर्षांनी पूर्व पॅसिफिक कण्यावर (खचदरीच्या बाजूने गेलेल्या समुद्रतळावरच्या डोंगररांगेवर) काळ्या धुराचे लोट सोडणारी धुरांडी सापडली, तेव्हा तापमान मोजण्यासाठी पुढे केलेल्या दांडीचे प्लास्टिकच वितळले. पुढच्या मोजणीत तो आकडा ३५० अंशांच्या घरात निघाला. इतके तापूनही पाणी उकळत नाही, कारण त्या खोलीवर त्याच्यावर सुमारे २५० वातावरणांचा दाब असतो. तो 'धूर' म्हणजे धातूंच्या सल्फाइडांची बारीक पूड असते; दोन अंशांच्या समुद्राला स्पर्श होताच ती क्षणात बाहेर पडते.

अशा धुरांड्याचा आडवा कापलेला तुकडा मी एका संग्रहात हातात घेऊन पाहिला आहे. मधोमध अंगठा जाईल एवढे छिद्र होते आणि त्याच्या आतल्या भिंतीला पितळेसारख्या चमकणाऱ्या कॅल्कोपायराइटचा (तांबे-लोहाच्या सल्फाइडचा) दाट मुलामा होता. त्याबाहेर पायराइट (लोहाचे सल्फाइड) आणि काळसर स्फॅलेराइट (जस्ताचे सल्फाइड) यांचे मिश्रण, आणि कडेला पांढुरक्या अॅनहायड्राइटचे उरलेसुरले कण होते. या क्रमात त्याची सगळी जन्मकथा वाचता येते. आधी अॅनहायड्राइटची पातळ नळी उभी राहते, तिच्या आडोशाने आतले पाणी गरमच राहते, आणि मग सर्वांत जास्त उष्णता लागणारे तांबे आत, तर थोड्या थंड पाण्यातही टिकणारे जस्त बाहेर बसते. झरा थंडावला की अॅनहायड्राइट पुन्हा समुद्रात विरघळते आणि धुरांडे कोसळते. त्यावर नवे उभे राहते, तेही कोसळते, आणि शेवटी साठा म्हणून जो उरतो तो या पडक्या धुरांड्यांचा ढिगारा असतो. अटलांटिकच्या मध्यकण्यावर ३,६०० मीटर खोलीवर 'टॅग' नावाचा असा ढिगारा आहे. त्याचा व्यास सुमारे २०० मीटर आणि उंची सुमारे ५० मीटर आहे. १९९४ मध्ये त्यात विंधन विवरे घेतली, तेव्हा आत सुमारे ४० लाख टन सल्फाइडयुक्त खडक असल्याचा अंदाज आला.

ट्रूडोसचे महत्त्व असे की तेथे ही सगळी यंत्रणा पायी चालत पाहता येते. समुद्रतळाचा तो तुकडा पुढे भूपट्टांच्या रेट्यात वर उचलला गेला. कवचाखालचा मूळ खडक पाणी पिऊन फुगला आणि मधोमध वर आला, त्यामुळे १,९५२ मीटर उंचीच्या शिखरावर सर्वांत खोलचा खडक आहे आणि तुम्ही पाहिलेला उशांचा लाव्हा पायथ्याशी आहे. (ही खचदरी महासागराच्या अगदी मधोमध नव्हती, खाली घुसणाऱ्या एका भूपट्टाच्या वर उघडली होती, पण झऱ्यांची रीत तीच.) या दोहोंच्या मध्ये, पानांसारख्या उभ्या लागलेल्या भित्तींच्या (भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या पट्ट्यांच्या) तळाशी, पिस्त्याच्या रंगाचा एक खडक लागतो. त्याला एपिडोसाइट म्हणतात. त्याच्या रासायनिक तपासणीत तांबे आणि जस्त जवळजवळ धुऊन गेलेले आढळते. खाली रिकामा झालेला खडक आणि वर भरलेला साठा, अशी जमाखर्चाची दोन्ही पाने एकाच डोंगरात मिळणे दुर्मीळ आहे.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला. दोन थरांमधली लाल माती आणि गोड्या पाण्यातल्या प्राण्यांचे जीवाश्म त्याची साक्ष देतात. उघड्यावर बाहेर पडलेल्या लाव्ह्यातला गंधक वायू होऊन हवेत निघून गेला आणि थर वरून थंड होत गेले. पुढे त्यांच्यातून पाणी फिरले, पण ते कमी तापमानाचे होते. त्याने सिलिका, कॅल्शियम आणि सोडियम वाहून पोकळ्यांत झिओलाइट, गारगोट्या आणि कॅल्साइट भरले. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींतून जगभरच्या संग्रहालयांत गेलेले ते सुंदर स्फटिक म्हणजे आपल्या बेसाल्टचे 'धातुक' (धातू काढण्याजोगे खनिज) समजा. मुंबईच्या काही भागांत उशांसारखा लाव्हा आहे, पण तेथले पाणी उथळ होते. कोकणातले झरे फार तर ७० अंशांच्या आसपास तापतात. त्यांच्याखाली शिलारस नाही, खोल भेगांत उतरलेले पाणी पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापून वर येते. तेवढ्या तापमानाला तांबे खडकातून हलत नाही.

आकडेमोड

उत्तर वाचून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. रसायन अभियंता असल्यामुळे 'गोळा करणे' म्हणजे नेमके किती, ते कळल्याशिवाय चैन पडत नाही.

एका मध्यम साठ्यात १ लाख टन तांबे आहे असे धरू. खडकाच्या प्रत्येक टनातून ५० ग्रॅम तांबे निघाले, तर २ अब्ज टन खडक धुवावा लागेल, म्हणजे जेमतेम पाऊण घन किलोमीटरही नाही. खडकाची अडचण नाहीच. पाण्याचे मात्र तसे नाही. अशा झऱ्यांच्या पाण्यात तांबे लिटरमागे काही मिलिग्रॅमच असते. ५ मिलिग्रॅम धरले आणि एकही कण वाया गेला नाही असे मानले, तरी २० घन किलोमीटर पाणी लागते. कोयनेचे धरण १०५ टीएमसीचे, म्हणजे सुमारे ३ घन किलोमीटरचे. याचा अर्थ जवळजवळ सात कोयना भरतील एवढे पाणी ३५० अंशांना तापवून एकाच ठिकाणच्या भेगांतून वर सोडायचे. सेकंदाला १०० लिटर या वेगाने त्याला ६,००० वर्षांहून अधिक काळ लागेल. धुराबरोबर बहुतेक माल समुद्रात उडून जात असणार, तेव्हा दहावा हिस्साच जागेवर राहिला असे धरले तर सत्तर कोयना आणि ६०,००० वर्षे. हा हिशेब कितपत वास्तवाला धरून आहे?

खडकफोड्या

आपला हिशेब मला आवडला, आणि तो वास्तवापासून फार दूर नाही. 'टॅग'च्या ढिगाऱ्यातल्या नमुन्यांची वये सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत मागे जातात, पण झरा तेवढा काळ अखंड चालू नव्हता. काही शतके पेटला, काही हजार वर्षे विझला, पुन्हा पेटला. खालचा शिलारस थंडावला की काम थांबते आणि नवा शिलारस आला की पुन्हा सुरू होते. म्हणून खचदरी फार वेगाने उघडत असेल तर ते मोठ्या साठ्याला सोयीचे नसते, कारण ढिगारा उष्णतेच्या जागेपासून लवकर दूर सरकतो आणि ताज्या लाव्ह्याखाली गाडला जातो. हळू उघडणाऱ्या कण्यांवर एकच मोठा विभंग दीर्घकाळ तीच वाट खुली ठेवतो.

वाया जाण्याबद्दल एक जोड देतो. धूर जितका देखणा, तितका साठा तोट्यात. सर्वांत चांगले साठे तेथे होतात जेथे पाणी तळाच्या बाहेर पडण्यापूर्वीच, ढिगाऱ्याच्या आत किंवा गाळाच्या थराखाली, थंड होऊन माल टाकते.

शंकेखोर

खडकफोड्या यांच्या उत्तरातील एका भागाशी मी सहमत नाही. मी मिशिगनच्या उत्तरेला राहतो. येथील कीवेनॉ द्वीपकल्पातला बेसाल्ट सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा असून तो जमिनीवरच पसरला होता. त्याच्याही थरांत वाफेच्या पोकळ्या आहेत आणि आपल्याकडच्यासारखी खनिजे आहेत. तरीही १८४५ ते १९६८ या काळात येथून सुमारे ५० लाख टन तांबे निघाले, आणि तेही शुद्ध धातूच्या रूपात. माझ्या टेबलावर पोकळ्या तांब्याने भरलेला बेसाल्टचा तुकडा आहे. राखाडी दगडात वाटाण्याएवढे तांबूस थेंब जडवावेत तसा तो दिसतो. तेव्हा 'जमिनीवरचा लाव्हा म्हणून तांबे नाही' हे उत्तर पुरेसे वाटत नाही.

खडकफोड्या

आपला आक्षेप मान्य आहे. मी ते वाक्य घाईने लिहिले. समुद्र ही साठा होण्याची एक वाट आहे, एकमेव अट नव्हे.

कीवेनॉचा लाव्हा खंडाच्या मधोमध उघडलेल्या एका खचदरीत पडला. ती खचदरी पुढे महासागर न होता मध्येच थांबली, पण तोवर तिच्यात अनेक किलोमीटर जाडीचा लाव्हा साचला आणि त्यावर गाळाचे जाड थर चढले. तळाचा बेसाल्ट एवढ्या खोल दबला की तो भाजून निघाला, त्यातून सुटलेले गरम पाणी तांबे घेऊन विभंगांच्या आणि सच्छिद्र थरांच्या वाटेने वर आले. गंधक मात्र लाव्हा जमिनीवर पडतानाच उडून गेला होता. तांब्याला जोडीला गंधक मिळाला नाही, म्हणून ते सल्फाइड न होता धातू म्हणूनच बसले. तुमच्या टेबलावरचे तांबूस थेंब ही त्या उणिवेचीच खूण आहे.

दख्खनला ही खोली लाभली नाही. कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या विवरात सुमारे ९३० मीटरवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी खडक लागला. इतर ठिकाणी जाडी याहून अधिक आहे, पण घाटावरच्या या थरांवर नंतर किलोमीटरभर गाळ चढला नाही आणि ते भाजलेही गेले नाहीत. तेव्हा माझे वाक्य असे दुरुस्त करतो की दख्खनमध्ये पुरेसे गरम पाणी पुरेशा खोलीवर, पुरेसा काळ फिरलेच नाही.

मेवाडवासी

मी मूळचा सोलापूरचा; राजस्थानात जस्ताच्या खाणीत अभियंता म्हणून बारा वर्षे काम केले. तांब्यावर एवढी चर्चा झाली, पण भारतात प्राचीन खचदरीचे सर्वांत मोठे देणे म्हणजे अरवलीच्या परिसरातले जस्त आणि शिसे. भिलवाडा जिल्ह्यातील रामपुरा-आगुचा येथील साठा सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो आणि त्यात जस्ताचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक भरले आहे.

येथे काळ्या धुरांड्यांचे चित्र जसेच्या तसे लावू नये. खचदरीत समुद्र शिरलेला होता, पण तळाशी लाव्ह्यापेक्षा गाळच जास्त होता. गाळाखालचे, मिठाने दाट झालेले पाणी तुलनेने कमी तापमानाला, म्हणजे १०० ते २५० अंशांच्या दरम्यान, जस्त आणि शिसे घेऊन विभंगांतून वर आले आणि समुद्रतळावरच्या ऑक्सिजन नसलेल्या काळ्या चिखलात शिरले. त्या चिखलात जीवाणू सल्फेटपासून सल्फाइड तयार करत होते. म्हणजे धातू खालून आला आणि गंधक समुद्राने पुरवला. तो चिखल पुढे इतका तापला आणि दाबला गेला की त्यातल्या सेंद्रिय कार्बनचे ग्रॅफाइट झाले. खाणीतून वर आल्यावर रुमालाला लागलेली ती चंदेरी-काळी पूड धुऊनही जात नसे. १८० कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्मजीवांचे ते अवशेष आहेत, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

आज असे काही घडताना पाहायचे असेल तर तांबड्या समुद्राकडे पाहावे. अरबस्तान आफ्रिकेपासून दूर सरकत असल्यामुळे तेथे नवी खचदरी उघडली आहे. १९६० च्या दशकात तेथे २,००० मीटरहून खोल 'अटलांटिस दोन' या खळग्यात ६० अंशांच्या आसपास तापमानाचे, समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारे पाणी तळ्यासारखे साचलेले सापडले. हे मीठ बाजूच्या जुन्या क्षारथरांतून विरघळून येते. जड असल्यामुळे ते पाणी वर उठत नाही, म्हणून धातूही धुरासारखे उडून न जाता तेथेच चिखलात बसतात. कोरड्या वजनाने सुमारे ९ कोटी टन चिखल आणि त्यात सुमारे २ टक्के जस्त, असा तेथला अंदाज आहे. आकडेमोड यांनी ज्या नव्वद टक्के नुकसानीचा हिशेब केला, ते टाळण्याची निसर्गाची ही युक्ती आहे.

उदयपूरजवळच्या जावरचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. तेथे डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकातले जस्त शेकडो वर्षांपूर्वी मातीच्या, वांग्याच्या आकाराच्या मुशींत ऊर्ध्वपातनाने काढत असत. एका भट्टीत अशा ३६ मुशी उलट्या लावत. वापरलेल्या मुशी चिणून उभारलेल्या भिंती तेथे आजही दिसतात.

डिचोलीकर

गोव्याच्या लोहखनिजाचाही या झऱ्यांशी संबंध आहे, असे आमच्या महाविद्यालयात शिकवले होते. ते खरे का? आणि वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र हिंदी महासागरात असेच झरे शोधत आहे ना?

खडकफोड्या

दोन्ही खरे आहे, पण पहिले अर्धेच. पट्टेदार लोहखनिजातले लोह मोठ्या प्रमाणात समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांतून आले, असे त्यातल्या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांवरून, विशेषतः युरोपियमच्या वाढलेल्या प्रमाणावरून दिसते. मात्र तेव्हाच्या समुद्रात ऑक्सिजन फारसा नसल्यामुळे ते लोह झऱ्यापाशी न बसता विरघळलेल्या स्थितीत दूरवर पसरले आणि मग थरांत बसले. शिवाय तुमच्या डिचोलीच्या खाणींत खनिजाची जी प्रत मिळाली, ती नंतरच्या पावसापाण्याने सिलिका धुऊन नेल्यामुळे. तेव्हा लोह झऱ्याचे, पण प्रत पावसाची.

हिंदी महासागरातल्या बहुधातू सल्फाइडांच्या शोधासाठी भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २०१६ मध्ये १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्राचा करार केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे ४,५०० मीटर खोलीवरच्या एका चालू झऱ्याची छायाचित्रे मिळवली. तेथे मध्य हिंदी महासागरी कणा हळू उघडतो, आणि त्याचा फायदा मी वर सांगितलाच आहे.

बोटीवरचा

सर्वांचे आभार. माझा अर्धा प्रश्न मात्र राहिला. वडिलांनी ज्याला तांब्याचा गंज म्हटले तो हिरवा थर कसला? विहिरीतल्या दगडाचा एक तुकडा अजून घरी आहे. ट्रूडोसच्या लाव्ह्याच्या भेगांतही मला तसाच रंग दिसला होता.

खडकफोड्या

बहुधा दोन्हीकडे सेलाडोनाइट असावे. हे लोह, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम असलेले, मातीसारखे दिसणारे अभ्रकवर्गातले खनिज आहे आणि बेसाल्टच्या पोकळ्यांना ते आतून अस्तर लावते. त्यात तांबे नसते. हिरवा रंग लोहाचा. तांब्याचा खरा हिरवा गंज म्हणजे मॅलाकाइट, आणि तो कार्बोनेट असल्यामुळे ओळखता येतो. हिरव्या थराची चिमूटभर पूड सुईने खरवडून काचेवर घ्या, तिच्यावर औषधाच्या दुकानातून आणलेल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडा आणि भिंगातून पाहा. मॅलाकाइट असेल तर बुडबुडे येतील आणि थेंब हिरवट होईल. सेलाडोनाइट असेल तर काहीच होणार नाही. पूड खरवडताना शेजारचा पांढरा थर त्यात येऊ देऊ नका, कारण वाईकडच्या पोकळ्यांत कॅल्साइट पुष्कळ असते आणि त्यालाही बुडबुडे येतात. थेंब रंगहीन राहून नुसता फसफसला, तर तो कॅल्साइट समजा आणि दुसऱ्या जागी पुन्हा खरवडा.